रिकामं पुंगळं

“मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, उस्ताद? आपलंच रिव्हॉल्व्हर दगा देत असेल तर?”

अनंतशेठ वेर्णेकर सराफांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. दोन वर्षं ते हिंदुराव उस्तादांकडं नेमबाजी शिकले होते. ‘बार व्हायच्या आधीच दचकतोस’ असं उस्ताद म्हणाले, की हसण्यावारी न्यायचे. आज मैदानावर आले ते सहीसाठी.

कागदावर होतं : नबीलाल शिकलगारानं दुरुस्त केल्यापासून चाप बिघडला, रिव्हॉल्व्हर आपोआप उडतं.

उस्तादांची सही झाली की शेठ गोळीबाराच्या ठपक्यातून सुटणार. आणि नबीलालच्या चाळीस वर्षांच्या दुकानाला कुलूप.

“काय झालं ते सांग.”

“दुकान आवरत होतो. मागच्या दाराशी खडखडलं, चोर वाटला. रिव्हॉल्व्हर काढलं. घोडा चढवला नव्हता, नळी जमिनीकडं, बोटसुद्धा लावलं नव्हतं... आणि उडालं! दारात आमचा सदाशिव. गुडघ्यात बसली.”

शेठचा धाकटा भाऊ सदाशिव आता कुबडीवर चालत होता.

उस्तादांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं. घोडा चढवून चाप दाबला, अलगद सुटला. न चढवता ओढला. लांब आणि जड, बैल ओढून आणावा तसा.

“चाप बरोबर आहे.”

“तुमच्या हातात हो! माझ्या हातात बघा.”

“बघू की.”

पाठमोरे होऊन उस्तादांनी गोळ्या भरल्या. समोर पुठ्ठ्याचा माणूस उभा होता.

“घोडा न चढवता मार. नेम छातीवर.”

पहिली पोटात गेली. दुसरी मांडीत.

“बघितलंत? नळीसुद्धा बिघडवलीय त्या म्हाताऱ्यानं!”

शेठनी तिसऱ्यांदा चाप ओढला.

खट्...

बार नाही, धक्का नाही. पण कोंबडीनं दाणा टिपायला मान घालावी तशी नळी खाली गेली. पुठ्ठ्याच्या गुडघ्यावर येऊन थांबली.

“हे... हे रिकामं होतं.”

“हो. उडालेल्या गोळीचं जुनं पुंगळं.”

“फसवलंत मला!”

“पुंगळं गप्प होतं, अनंता. नळी कुणी झुकवली?”

शेठ त्या गुडघ्याकडं बघत राहिले. बोट अजून चापावरच होतं.

“अंधुक होतं, उस्ताद... ‘दादा’ म्हणाला होता तो. मी ऐकलं की नाही, तेच...”



उस्तादांनी रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. कागदाची घडी घालून शेठच्याच खिशात ठेवली. मग मैदानाची वही उघडली. दर गोळीला तिथं दोन रकाने असत : नेम कुठं, लागली कुठं.

त्यांनी पेन पुढं केलं.

“लागली कुठं, ते सदाशिव आयुष्यभर दाखवत हिंडेल. नेम कुठं होता, तो रकाना तू भर. खरा भर, बाबा.”