दबाव बाहेर काढणारा पट्टेवाला

टेंभुर्डे गावच्या कोर्टात म्हसू नावाचा एक भोळा पट्टेवाला होता. सांगितलं ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा.

बातमी आली तो सोमवार अगदी नेहमीसारखा होता. न्यायाधीश साहेब अजून यायचे होते. म्हसू टेबलं पुसत होता आणि आनसा कुंभारीण पायरीवर बसली होती. तिची तळ्याकाठची मातीची जागा बापूसाहेब इनामदारांनी कुंपण घालून आत घेतली होती. माती नाही म्हणून चाक नऊ वर्षं बंद. त्यात येत्या शनिवारी साहेबांची बदली. नवे साहेब आले की खटला पुन्हा पहिल्यापासून, असं वकिलाने तिला सांगितलं होतं.

तेवढ्यात कारकून कागद नाचवत आला. "म्हसू, परदेशातून मदत आली! आपलं कोर्ट स्वतंत्र आणि जबाबदार करणार आहेत."

"म्हणजे आत्ता कसं आहे?"

"टेबल पूस," कारकून म्हणाला.

मदतीबरोबर एक सल्लागार आला. उंच, घामाघूम, पुस्तकातून मराठी शिकलेला. पट्टेवाल्यालाही तो 'आपण' म्हणायचा. म्हसूला जन्मात कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

मंगळवारी बापूसाहेबांचा गडी आंब्यांची पाटी घेऊन आला. म्हसूने ती थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. सल्लागाराने कपाळाला हात लावला.

"म्हसूजी, हे काय केलंत आपण? ज्याचा खटला चालू आहे, त्याच्याकडून आलेली वस्तू दारातूनच परत पाठवायची."

"चुकलं साहेब. पुढच्या वेळी तसंच करीन."

बुधवारी आनसा जागेचे जुने कागद फडक्यात बांधून आली. म्हसू दारात आडवा झाला.

"खटला कुणाचा?"

"माझाच की रे मुडद्या! नऊ वरसं तूच माझं नाव पुकारतोस ना?"

"मग वस्तू परत."

सल्लागाराने पुन्हा कपाळाला हात लावला. "म्हसूजी, तो पुरावा होता! पुरावा आला की कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं. कोणाचा हात लागता कामा नये."

"चुकलं साहेब. पुढच्या वेळी तसंच करीन."

गुरुवारी आनसा कागद घेऊन आलीच, पण सोबत म्हाताऱ्या येसबा गुरवालाही घेऊन आली. तिच्या सासऱ्याला त्या जागेतून माती काढताना येसबाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हे म्हातारबा कोण?" म्हसूने विचारलं.

"हाच माझा खरा पुरावा."

म्हसूने कागद कपाटात ठेवले, येसबाला कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मग दारात उभं राहून त्यानेच तीनदा पुकारा केला, "येसबा गुरव हाजीर हो!"

कपाटातून आवाज आला, "हाजीर हाय!"

पण कपाट बोलत नसतं, एवढं म्हसूला कळत होतं. कारकुनाने लिहिलं, साक्षीदार गैरहजर.

"म्हसूजी, साक्षीदार हा माणूस असतो!" सल्लागार म्हणाला. "माणसाला पिंजऱ्यात उभं करायचं, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कोणाला मध्ये बोलू द्यायचं नाही."

"चुकलं साहेब. पुढच्या वेळी तसंच करीन."

शुक्रवारी मंत्री आले. मदतीतून मिळालेल्या संगणकाचं उद्घाटन होतं. म्हसूने त्यांना हारासकट पिंजऱ्यात नेऊन उभं केलं. मंत्री आधी दचकले, पण समोर माणसं बसलेली पाहून त्यांना राहवलं नाही. सव्वाचार तास बोलले. साहेबांनी एकदा घड्याळ दाखवलं, तर म्हसूने साहेबांनाच "शूऽऽ" केलं. जाता जाता मंत्री न्यायाधीशांच्या कानाशी लागले. "बापूसाहेब आपलेच आहेत. तेवढं बघा."

सल्लागार पहिल्यांदाच चिडला. "म्हसूजी, याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही! बाहेरचा माणूस न्यायाधीशांना काय करायचं ते सांगू लागला, तर त्याला हाताला धरून बाहेर काढायचं. यालाच स्वतंत्र कोर्ट म्हणतात."

"कोणीही असला तरी?"

"कोणीही असला तरी."

शनिवारी साहेबांचं सामान जीपमध्ये भरलेलं होतं. तीनला निघायचं होतं. साहेब खुर्चीवर बसले. सल्लागार पुढे झाला. "साहेब, आज आनसाबाईंचा खटला तेवढा ऐकाच."

म्हसूने त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

"म्हसूजी, अहो, मी आहे!"

"कोणीही असला तरी, साहेब."

आनसाचे वकील उठले. "साहेब, कुंपण काढायचा हुकूम द्यावा." त्यांना बाहेर काढलं. बापूसाहेबांचे वकील म्हणाले, "देऊ नये." तेही बाहेर. कारकून म्हणाला, "साहेब, याला आवरा." कारकून कोर्टातलाच, पण त्याचं घर पलीकडच्या गावात. म्हणून तोही बाहेर. येसबा तर कोणी हात लावायच्या आत आपणहून निघून गेला.

आनसाने हात जोडले. "साहेब, माझी माती मला द्या."

म्हसूला वाईट वाटलं. त्याने तिला जरा हळू धरलं.

मग आपल्याच तोंडून काही निघून जाईल, या भीतीने म्हसूही बाहेर आला आणि दार ओढून पाठ लावून उभा राहिला. आत साहेब एकटे. कित्येक वर्षांत त्यांना इतकी शांतता मिळाली नव्हती. त्यांचा डोळा लागला. तीनला जीपचा भोंगा वाजला तेव्हा ते उठले, आणि बदलीच्या गावी निघून गेले.

सल्लागाराने पायरीवर बसून अहवाल लिहिला. टेंभुर्ड्याच्या कोर्टावर आता कोणाचाही दबाव उरलेला नाही. पुढच्या वर्षीची मदत मंजूर झाली.

आनसाच्या खटल्याचा निकाल तेवढा द्यायचा राहिला.