घट्ट पिन

“उस्ताद, या तिन्हींतली सगळ्यात जोरात कुठली मारते?”

हेमांगीनं तीन स्टेपल गन सतरंजीवर मांडल्या होत्या. एक हातानं दाबायची, एक विजेची, एक हवेवर चालणारी. दुकानदारानं पारखायला म्हणून दिल्या होत्या.

करीम उस्ताद जालन्यात जन्मभर सोफे-खुर्च्या मढवत आले. हेमांगी त्यांची सगळ्यात तयार शागीर्द. कापड ताणावं तर तिनंच, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

“मढवायचं काय आहे?” उस्तादांनी विचारलं.

“बाबांची खुर्ची.”

तिचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“आईला आता त्या खुर्चीत बसायचंय,” ती म्हणाली. “पण बसली की कंबर धरते. म्हणून वर जाड फोम टाकते आणि नवं कापड चढवते.”

“जुनं काढून?”

“जुन्यावरच. थर जाड होईल, साधी गन पुरणार नाही. म्हणून तर जोराची हवी.”

उस्तादांनी हवेची गन तिच्याकडे सरकवली. “मारून बघ.”

तिनं घरून आणलेली खुर्ची आडवी केली, फोमवर कापड ताणलं आणि कडेला पिन मारली. पिन कापड चिरून आत गेली. तिनं हवा कमी केली. आता पिन अर्ध्यातच अडकली.

“गन बरोबर नाही,” ती म्हणाली.

“असेल.”

उस्तादांनी पेटीतून पिना उपटायची पकड काढली आणि तिच्यासमोर धरली.

हेमांगीनं हात पुढे केला नाही.

“मी नाही उघडणार.”

“का?”

“आत बाबांचा खळगा आहे,” ती हळूच म्हणाली. “ते बसायचे तिथला. उघडला की काथ्या विस्कटेल. मग काय राहिलं त्यांचं?”

“आणि आईची कंबर?”



उस्तादांनी पकड तिच्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसले. घाई केली नाही. चहा आला, निवला.

मग हेमांगीनं पहिली पिन उपटली. दुसरी. तिसरी निघेना, तेव्हा उस्तादांनी खुर्चीचा पाय घट्ट धरून ठेवला.

कापड निघालं. खाली काथ्याची गादी, मधोमध दबलेली, एका बाजूला जास्त. बाबांचा उजवा गुडघा दुखायचा, ते डावीकडे झुकून बसायचे.

उस्तादांनी तिचा हात धरला आणि त्या खळग्यात ठेवला.

हेमांगी रडली. बरीच रडली. उस्ताद खुर्चीचा पाय धरूनच बसले होते.

डोळे पुसून तिनं काथ्या स्वतःच उचलला, पिंजला, झटकला. धूळ उडाली. चांगला काथ्या निवडून नवा मिसळला आणि गादी सपाट भरली. मग आई बसेल तशी स्वतः बसून पाहिली. पुन्हा उठून कडेला थोडी भर घातली.

आता वर एकच कापड यायचं होतं.

तिनं तिन्ही गनकडे पाहिलं. मघाचा तोरा आवाजात उरला नव्हता.

“उस्ताद… हाताची पुरेल?”

“लाकूड सागवानी आहे, टणक. पिना जरा वर राहतील. हातोडीनं हलक्या बसव.”

“पण मग पकड कमी नाही का होणार? हवेची घट्ट बसते. जन्मभर निघायची नाही.”

उस्तादांनी उपटलेल्या पिना ओंजळीत गोळा केल्या.

“आई शंभर वर्षं जगो, बेटा. पण तिच्या माघारी तुझ्याच हातानं निघेल, अशी पिन मार.”