कुंभारघाटाची नाव

गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी वाढला आणि त्याचे नाव मेघिल होते.

नदीने पोतनचे दोन भाग केले होते. अलीकडे राजवाडा, बाजार, धान्याची कोठारे आणि वैद्यांची घरे होती. पलीकडे कुंभार, कोष्टी आणि चांभार राहत. पूल नव्हता. म्हणून राजाच्या आजाने लोकांसाठी अकरा नावा ठेवल्या होत्या आणि दोन नियम घालून दिले होते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला, तो कोण कुठला हे न विचारता, पलीकडे न्यायचे. आणि ज्याला सुकाणू हाती घ्यायचे असेल त्याने आधी चढत्या पाण्यात भरलेली नाव तीनदा पार करून दाखवायची, तीही सगळ्या घाटासमोर. पात्राच्या मध्यावर काळे खडक होते. पाणी वाढले की ते दिसेनासे होत. त्यांच्यावरचे पाणी तेवढे कुबड काढल्यासारखे किंचित फुगे. ज्याच्या डोळ्यांना ते कुबड दिसे, त्यालाच ती नदी पार होऊ देई.

मेघिल तिशीत असताना त्या अकराही नावांचा अध्यक्ष झाला. तो नदी जाणत होता, माणसांशी नीट बोलत होता, आणि त्याच्या नेमणुकीवर कोणी बोट ठेवले नाही. पण खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. त्याच्याहून जाणते आणखी दोघे होते. त्यांची परीक्षा झालीच नाही. अमात्य नागपालिताला एका पुरात मेघिलच्या बापाने काठावर आणले होते. त्या आठवणीपोटी अमात्याने राजाच्या कानात मेघिलचे नाव घातले. परीक्षा दिली असती तर कदाचित हे स्थान मिळालेही असते, असे मेघिल मनाला सांगे. ते ‘कदाचित’ त्याला अधूनमधून टोचत असे.

नागपालित कधी दरडावत नसे. तो मेघिलला घरी बोलावी, शेजारी बसवी, हाती विडा देई आणि म्हणे, "माझ्या गावचा एक पोरगा आहे, रिकामा बसलाय. घाटावर दोरखंड सांभाळायला ठेव ना. तुझं माझं काय वेगळं आहे?"

दोरखंड सांभाळणारा नाव हाकत नाही, असा विचार करून मेघिलने त्याला ठेवले. मग एक पहारेकरी आला, मग त्या पहारेकऱ्यावर देखरेख करणारा आला. दोन पावसाळे गेले आणि घाटावर अशी स्थिती झाली की नावेत जितकी माणसे राबत, त्याहून जास्त पिंपळाखाली बसलेली असत. ती सारी अमात्याची होती. अमात्याला मानणाऱ्या एका ग्रामप्रमुखाने नदीच्या वरच्या अंगाला नावा मागितल्या, तेव्हा कुंभारांच्या वस्तीकडे जाणाऱ्या कुंभारघाटाच्या चारांपैकी तीन नावा तिकडे गेल्या. तिथे दिवसभरात दहा माणसे उतरत नसत. इकडे कोष्टिणी डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन सकाळपासून ताटकळत. मेघिल त्यांच्या समोरून जाताना चालण्याचा वेग वाढवी.

आणि एके दिवशी नागपालिताने सुकाणूच मागितले.

"माझा मेहुणा सिहक. त्याला कुंभारघाटाची मोठी नाव दे. भद्दिल म्हातारा झालाय."

भद्दिल चाळीस वर्षे ती नाव नेत होता. मेघिलला नदीवरचे कुबड ओळखायला त्यानेच शिकवले होते.

"आर्य, सिहकाने परीक्षा द्यावी," मेघिल म्हणाला. "उतरला तर मी आनंदाने नेमीन."

नागपालित हसला. "अरे, ज्यांचं कुणी नसतं त्यांना परीक्षा असते. तू दिली होतीस का?"

बापाची पुण्याई, डोक्यावरचे उपकार, घरात लहान मुले, हे सारे एकदम त्याच्या जिभेवर येऊन बसले. अखेर त्याने एवढेच म्हटले की भद्दिलला नावेतून काढायचे नाही, त्याने सिहकाच्या शेजारी बसावे. अमात्याने मान हलवली. महिनाभरात सिहकाने म्हाताऱ्याला शेजारून उठवले आणि तळाशी साचणारे पाणी उपसायला बसवले. मेघिलला हे कळले. तरी त्याने ते तसेच चालू दिले.

भाद्रपदात नदी चढली होती. सामक नावाच्या कुंभाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या, म्हणून अलीकडच्या काठावरच्या धन्ना सुइणीला बोलावणे आले. ती मोठ्या नावेत चढली. सोबत चाळीस उतारू होते. नाव अगदी वेळेवर सुटली. मध्यावर येताच भद्दिल तळातून ओरडला, "डावीकडे घे, डावीकडे!" सिहकाला पाण्यावर काहीच दिसत नव्हते, घाबरून त्याने सुकाणू उलटे दाबले. खडकाला घासून सुकाणूचे पाते मोडले, आणि नाव गरगरत प्रवाहाला लागली. दोन कोस खाली भद्दिलने लांब बांबू रोवून रोवून ती पलीकडच्या काठालगतच्या एका वाळूच्या पट्ट्यावर चढवली. त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले. बुडाले कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धन्ना मेघिलकडे आली. तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. मेघिल लगबगीने म्हणाला, "मावशी, देवाची कृपा. सगळी वाचली."

"मी बुडाले नाही, बाबा," धन्ना म्हणाली. "पण पोचलेही नाही. दोन कोस चिखल तुडवीत गेले, तोवर दिवस कलला होता. पोर आहे. आई गेली. आडवं आलेलं पोर होतं, फिरवायला हात हवा होता. माझा हात तेव्हा नदीत होता."

ती रडली नाही. तिने शिव्याशापही दिले नाहीत. सांगायचे ते सांगून ती उठून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे मेघिलला वाटले.

तो पलीकडे सामकाच्या घरी गेला. चाक थांबलेले होते आणि चाकावरचा मातीचा गोळा वाळून तडकला होता. शेजारीण बाळाच्या तोंडात कापसाच्या बोळ्याने दूध पिळत होती. सामकाने वर पाहिले आणि विचारले, "नाव वेळेवर सुटली होती म्हणे?"

"सुटली होती," मेघिल म्हणाला.

सामकाने मान हलवली, जणू त्याला तेवढेच जाणून घ्यायचे होते. मेघिल बराच वेळ ओसरीच्या कडेला बसून राहिला.

पलीकडची वस्ती मात्र गप्प बसली नाही. कोष्ट्यांनी माग थांबवले, कुंभारांनी भट्ट्या विझवल्या, आणि ती सारी माणसे राजद्वारी येऊन उभी राहिली. राजाने तिसऱ्या दिवशी सुनावणी ठेवली. आदल्या दुपारी नागपालित स्वतः मेघिलच्या घरी आला. आजवर तो तिथे कधी आला नव्हता.

"दोष कुणाचा तरी ठरवावाच लागेल," तो शांतपणे म्हणाला. "नदीचा म्हटला तर राजा ऐकणार नाही. माझा म्हणून चालणार नाही. उरला तो म्हातारा. त्याने ओरडून सिहकाला गोंधळवलं, एवढं एक वाक्य तुला बोलायचं आहे. वर्षभरात राज्यातले सगळे घाट तुझ्या हाताखाली असतील. तुझ्या बापाला किती आनंद झाला असता!"

तो गेल्यावर मेघिलने ते वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिले. ते फार सोपे होते. याचीच त्याला भीती वाटली.

तो भद्दिलच्या झोपडीत गेला. म्हाताऱ्याने हातांना हळदीचा लेप लावून चिंध्या गुंडाळल्या होत्या. अमात्याचा निरोप त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता.

"म्हण की," भद्दिल म्हणाला. "माझे किती दिवस उरलेत? तुला लेकरंबाळं आहेत. मी नाही म्हणणार नाही."

"आणि पुढच्या खेपेला, काका? तेव्हा कुणाचं नाव घ्यायचं?"

भद्दिलने हातावरची सैल झालेली चिंधी दातांनी ओढून घट्ट केली. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? तू त्या पोराला सुकाणू दिलंस, त्या दिवशी मला तुझी लाज वाटली होती. आज थोडी कमी वाटतेय."

सुनावणीला सभा भरली. सिहकाने पढवल्याप्रमाणे भद्दिलवर आरोप केला. राजाने भद्दिलला विचारले. तो म्हणाला, "अध्यक्ष सांगतील ते खरं." मग राजाने मेघिलकडे पाहिले.

मेघिल उभा राहिला.

"महाराज, भद्दिलचा दोष नाही. नाव वाचली ती त्याच्यामुळे. सिहकाचा दोषही थोडाच आहे. जे त्याला येत नव्हतं ते मी त्याच्या हाती दिलं. परीक्षा न घेता मी घाटावर सव्वीस माणसं नेमली. कुंभारघाटाच्या नावा मी हलवल्या. आणि या साऱ्याच्या आधीची एक नेमणूक आहे, परीक्षेविना झालेली. ती माझी."

राजाने विचारले, "ही माणसं तुला कोणी दिली?"

बापाने त्या पुरात पाठीवर घेतलेला माणूस समोर बसला होता.

"मागितली अमात्यांनी. पण नाही म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे होता, महाराज. तो मी वापरला नाही."

नागपालित ताडकन उठला. "यालाही मीच आणलं! माझ्या कृपेवाचून हा आज वल्हं मारत असता!"

"होय," मेघिल म्हणाला. "म्हणून मला आधी काढा." आणि त्याने ही गाथा म्हटली:

कृपेने जो बसे स्थानी, धन्याचे तोंड पाहतो;
गुणाने जो बसे स्थानी, लोकांचे दुःख पाहतो.

राजा सुबाहू वाईट नव्हता, पण आळशी होता. घाट नीट चालले आहेत असे अमात्य सांगे आणि तो ऐके. त्या दिवशी तो सिंहासनावरून उठला आणि पलीकडून आलेल्या लोकांत जाऊन सामकासमोर उभा राहिला. दोघांत काय बोलणे झाले ते कोणाला ऐकू आले नाही. परत येऊन त्याने आज्ञा दिली की आजोबांचा नियम पुन्हा लागू होईल, आणि अध्यक्षापासून दोरखंड सांभाळणाऱ्यापर्यंत प्रत्येक जण घाटासमोर आपले काम करून दाखवील. नागपालिताचे अमात्यपद गेले. काहींनी त्याला हद्दपार करा असा आग्रह धरला. मेघिलने हात जोडून विनंती केली, "त्यांना इथेच राहू द्या, महाराज. या नगरात नाव कशी मिळते हे त्यांनाही कळू द्या." राजाने ते मान्य केले.

परीक्षेच्या दिवशी पिंपळाखालच्या माणसांपैकी बहुतेक आलीच नाहीत. सिहक आला. नावेत चढला, सुकाणूला हात लावला आणि घळाघळा रडू लागला. मेघिलने त्याला खाली उतरवले. तेव्हा तो म्हणाला, "मला पाण्याची भीती वाटते, दादा. लहानपणापासून. मला कुणी विचारलंच नाही." पुढे तो अंबाडीचे दोर वळायला शिकला, आणि त्याच्या हातचे दोर सहसा तुटत नसत.

अध्यक्षपदासाठी मेघिलनेही नाव पार केली. तीन फेऱ्या झाल्या. जुन्या नावाड्यांनी आपापसांत विचार करून सांगितले की मेघिल चांगला आहे, पण तिसरा आहे. पलीकडच्या काठावरचा इसिल नावाचा अबोल नावाडी पहिला आला आणि तो अध्यक्ष झाला. निकाल ऐकून कित्येक वर्षांचे ते ‘कदाचित’ नाहीसे झाल्याने मेघिलला फार हलके वाटले. इसिलने त्याला विचारले, "कुठली नाव घेशील?" तो म्हणाला, "कुंभारघाटाची."

वरच्या अंगाच्या नावा परत आल्या. भद्दिल काठावर बसून नव्या पोरांना पाणी वाचायला शिकवू लागला. सामक अधूनमधून मेघिलच्या नावेतून मडकी घेऊन जाई. पहिले वर्षभर तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने मुलाला सोबत आणले आणि नावेत चढताना, हात मोकळे नव्हते म्हणून, त्याला मेघिलच्या हाती दिले.

काही काळाने नागपालित घाटावर आला. त्याला पलीकडे जायचे होते. कोष्टिणींच्या मागे तो उन्हात आपली पाळी येईपर्यंत उभा राहिला. नावेशी आल्यावर त्याने मेघिलला ओळखले आणि म्हणाला, "राज्यातले सगळे घाट तुझे झाले असते. एवढं करून शेवटी तुला काय मिळालं?"

मेघिलने त्याला आधार द्यायला हात पुढे केला. "पलीकडे जायचंय ना, आर्य? जपून. फळी ओली आहे."

जेतवनात तथागतांनी ही कथा सांगितली, तेव्हा समोर पुण्णक नावाचा भिक्षू बसला होता. विहारातल्या खोल्या वाटून देण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने आपल्या गावच्या भिक्षूंना कोरड्या खोल्या दिल्या होत्या, आणि दुरून चालत आलेल्या एका वृद्ध भिक्षूला गळक्या कुटीत पाठवले होते. कथा संपताच पुण्णक उठला आणि त्या वृद्धाचे पात्र व चीवर उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवू लागला.

तेव्हा तथागतांनी या जन्माची त्या जन्माशी सांगड घातली: "भिक्षूंनो, त्या काळचा अमात्य म्हणजे हा पुण्णक. सुबाहू राजा म्हणजे आनंद. भद्दिल म्हणजे गळक्या कुटीत तक्रार न करता राहिलेला हा वृद्ध भिक्षू. आणि जो आधी चुकला, आणि मग सर्वांसमोर आपली चूक आपल्या तोंडाने बोलला, तो नावाडी मेघिल मीच होतो. त्या जन्मी माझ्याकडून पुरी झाली ती सत्यपारमिता, सत्याला अखेरपर्यंत धरून राहण्याची साधना."