आईसाठी दोन खण

फार पूर्वी एका पेठेच्या वेशीबाहेर एक चुनेवाला राहत होता. पेठेतली एकूण एक भिंत त्याच्या चुन्याने पांढरी झालेली. पेठेतली मोठी माणसं त्याचा चुना लावूनच विडा खायची, आणि लहान पोरं त्याला पाहिलं की भूत भूत करत घरात पळायची. इतका पांढरा तो. भुवयासुद्धा पांढऱ्या.

सगळ्यांची घरं सजवणाऱ्याला स्वतःला मात्र घर नव्हतं. भट्टीला लागून एक छपराचा आडोसा, त्यात तो आणि त्याची म्हातारी आई. वाऱ्याने तोंड फिरवलं की भट्टीची सगळी धूळ आडोशात. म्हातारी खोकू लागली की भट्टीवरची गाढवं कान टवकारायची.

वैद्य आला, नाडी बघितली, नाक मुरडलं. म्हणाला, "हिला औषध देऊन उपयोग नाही. थंडी पडायच्या आत या धुळीतून हलव. चुना भिंतीला बसतो, तसा छातीतही बसतो. भिंतीला शोभतो, एवढाच फरक."

चुनेवाल्याची ओढ्यापलीकडे थोडी जागा होती. दगड गोळा केले होते, खांब तासून ठेवले होते, चुना तर घरचाच. दोन खणांचं घर पुरे होतं. आता खण म्हणजे काय, ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. एका खणात चूल, दुसऱ्यात म्हातारीचं अंथरूण, झालं घर.

फक्त परवाना हवा होता. त्याचं असं झालं होतं की एका शेटजींनी आपली ओसरी वाढवत वाढवत रस्त्यात आणली आणि राजाचा हत्ती तिथे अडकला. हत्ती सुटला, ओसरी गेली, आणि राजाने हुकूम काढला: परवान्यावाचून कोणी खुराडंही बांधायचं नाही. अर्ज फक्त पाडव्याच्या दिवशी द्यायचा आणि वर्षाला एकच.

चुनेवाला शाळेत दोन वर्षं जाऊन अडीच अक्षरं शिकला होता. पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्याकडे जायची त्याला लाज वाटली. स्वतःच बसला, जीभ दातात धरली आणि पाडव्याला अर्ज लिहिला: "आईसाठी दोन खणांची परवानगी द्यावी."

घर हा शब्द लिहायचाच राहिला.

कचेरीत एक कारकून होता. मोठा विनोदी माणूस. त्याच्या कोट्या ऐकायला लोक काम नसताना कचेरीत येऊन बसत. त्याने अर्ज वाचला, नाकावरचा चष्मा वर केला आणि सगळ्यांकडे बघून डोळा मारला.

"काय रे चुन्या, आईसाठी खण? म्हणजे चोळीचा खण! मग इथे कशाला आलास? शिंप्याचा दाखला आण."

"रावसाहेब, घराचे खण हो," चुनेवाला म्हणाला.

"अर्जात घर दाखव आणि परवाना घेऊन जा."

चुनेवाल्याने अर्ज उलटासुलटा करून बघितला. घर नव्हतं. कचेरी हसली. तो शिंप्याकडे गेला.

शिंप्याला कळत नव्हतं असं नाही. पण कचेरीतून आलेली गंमत आपल्या दुकानात मोडावी कशी? तो गंभीर तोंड करून म्हणाला, "दाखला देतो, पण आईचं माप लागेल." चुनेवाला धावत गेला आणि सुतळीने आईचं माप घेऊन आला. म्हातारी म्हणाली, "घराला माझं माप कशाला रं?" तो म्हणाला, "सरकारी काम असतं आये, बारीक बघतात."

दाखला मिळाला. कारकून म्हणाला, "हा झाला चोळीचा. पण पेटीलाही खण असतो ना? सुताराचा दाखला आण." सुताराने त्याला चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा शेजाऱ्यांना गंमत बघायला जमवलं. पावसाळा त्यातच गेला. दसरा गेला. आडोशातला खोकला आता रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

रोज संध्याकाळी म्हातारी विचारायची, "लेका, माझा खण कुठला?"

"उगवतीकडचा, आये. सकाळचं ऊन अंथरुणावर."

"मग हरकत नाही. वाट बघते."

थंडी पडली. चुनेवाला सुताराचा दाखला घेऊन कचेरीत आला आणि या वेळी उभाच राहिला नाही, कारकुनाच्या पायाशी बसला. "रावसाहेब, शब्द चुकला माझा. पण आई फार दिवस काढणार नाही. तिचं अंथरूण मावेल एवढं तरी द्या. चार हात लांब, दोन हात रुंद. बास."

कारकुनाचा टाक दौतीत बुडाला. एक शब्द लिहायचा होता, घर. दोनच अक्षरं. चुनेवाल्यालाही लिहिता आली असती.

पण समोर दहा-बारा माणसं आशेने बघत होती. आणि नेमकी तेव्हाच कारकुनाला त्याच्या जन्मातली सगळ्यात भारी कोटी सुचली. आलेली कोटी गिळणं त्याला जमलं नाही. त्याने लिहिलं, शिक्का मारला आणि कागद दिला. चुनेवाला कागद डोक्याला लावून पळत सुटला. मग कारकुनाने काय लिहिलं ते मोठ्याने सांगितलं, आणि कचेरीच्या कौलांवरची कबुतरं उडाली इतके लोक हसले.

"मिळाला गं आये! शिक्क्याचा!" चुनेवाल्याने कागद म्हातारीच्या हातात दिला. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, कागद उशाखाली ठेवला आणि कितीतरी दिवसांनी न खोकता झोपली.

सकाळी उठली नाही.

शेजारीपाजारी कोणी नव्हतंच. चुनेवाल्याने उशाखालचा कागद काढला. त्यांच्यात माणसाला मातीत ठेवायची रीत होती. निदान कागद तरी तिच्यासोबत द्यावा, म्हणून त्याने तो एकेक अक्षर जुळवत वाचला.

"अर्जदारास, त्याच्या आईसाठी, चार हात लांब, दोन हात रुंद खणण्यास परवानगी आहे."

त्याने तो पुन्हा वाचला. मग कागद कमरेला खोचला, कुदळ घेतली आणि ओढ्यापलीकडे गेला.

तिसऱ्या दिवशी तो कचेरीच्या दारात उभा होता. "रावसाहेब, काम परवान्याबरहुकूम झालंय. पाहणीला चला. नियम आहे."

नियम होताच. कारकून हातात मोजपट्टी घेऊन निघाला. मागे शिंपी, सुतार, निम्मी पेठ. चुनेवाल्याने खरंच खड्डा खणला की काय, ते बघायला सगळे आधीच हसत निघालेले. ओढा ओलांडला आणि हसू पुढच्यांपासून मागच्यांपर्यंत विझत गेलं.

उगवतीच्या बाजूला चार खांब उभे होते. मधे मातीचा लांबट उंचवटा, वरून चुन्याचे दोन हात फिरवलेले. इतका पांढरा की डोळे मिटावेत.

"मोजा," चुनेवाला म्हणाला.

"अरे, मी काय... मला माहीत..." कारकून म्हणाला.

"मोजा, रावसाहेब. एखादं बोट जास्त भरायचं. राजाचा हत्ती अडकेल."

कारकून गुडघ्यावर बसला. मोजलं. चार हात लांब. दोन हात रुंद. शिंप्याने मान खाली घातली; म्हातारीचं माप त्याच्याकडे होतं. कारकुनाने शेरा मारला: "तपासले. बरोबर आहे." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने लिहिलेलं वाचून कोणी हसलं नाही.

चुनेवाल्याने त्याच दिवशी भट्टी विझवली, गाढवं सोडून दिली आणि निघून गेला. कुठे, ते कोणाला कळलं नाही. पुढच्या पावसात पेठेतल्या भिंतींचा चुना धुऊन गेला. नवा द्यायला कोणी नव्हतं. दिवाळीला सगळी पेठ काळी पडलेली, कारकुनाचं घरही. अख्ख्या मुलखात पांढरं एकच घर दिसत होतं, ओढ्यापलीकडचं, चार हात लांब आणि दोन हात रुंद.

तात्पर्य: समोरच्याचा शब्द चुकला, तर हसावं जरूर, पण आधी त्याचं काम करून द्यावं. उलट केलं, तर हसून होईपर्यंत काम उरत नाही.