मनकवड्याचा डबा

“...पण मग ही फसवणूक नाही तर काय, उस्ताद?”

अभिनंदन उपाध्ये चपला काढायच्या आधीच बोलायला लागला होता. आत येऊन त्याने पत्त्यांचा डबा उस्तादांच्या पुढ्यात, वाकळेवर आपटला.

उस्ताद म्हणजे इस्माईल मणेर. कुरुंदवाडात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत राहायचे. उभी हयात जत्रांमधून जादूचे खेळ करण्यात गेली. आता वय झालं होतं. उजव्या हाताला कंप सुटला होता. चहाची बशी धरली तरी सांडायची. खेळ बंद करूनही बराच काळ लोटला होता.

त्यांनी डबा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि परत दिला.

“काय लिवलंय?”

अभिनंदनने वाचून दाखवलं. “‘मनकवडा. समोरच्याच्या मनातला पत्ता ओळखा. सराव नको, हातचलाखी नको. भलेभले जादूगार चाट पडतील.’”

“मग?”

“मग काय! उघडला आणि डोकंच बधिर झालं. सगळे पत्ते एकच, उस्ताद. सगळ्या किलवरच्या नव्व्या! समोरच्यानं कुठलाही काढू दे, नव्वीच येणार. याला जादू म्हणायचं? शेंबडं पोरगंसुद्धा पकडेल. इतकी मोठी जाहिरात, आणि आत हे!”



राग डब्यावर निघत होता, पण दुखणं निराळंच होतं. उस्तादांच्या घरचा रिवाज असा, की शिष्याने एकदा तरी गुरूला चकवायचं. मगच स्वतःच्या नावाने खेळ लावायचा. अभिनंदनला ते अजून साधलं नव्हतं. त्याची बोटं चांगली चालायची, पण जीभ त्याहून जास्त. आणि हा तर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. जयसिंगपुरात हॉल ठरवून मोकळा झालेला. रविवारचा खेळ. चौकाचौकात पाट्या लागल्या होत्या: जादूगार अभिनंदन.

डबा आणायचा, उस्तादांना चकवायचं, होकार घ्यायचा आणि मंचावर चढायचं, असा सगळा बेत. आता उस्ताद नको म्हणाले, तर पाट्या उतरवाव्या लागणार होत्या. गावभर हसं झालं असतं. सासुरवाडी जयसिंगपूरचीच.

“मला करून दाखव की,” उस्ताद म्हणाले.

“आता काय दाखवू? सगळं सांगून बसलो की.”

“मग मी दाखवतो तुला.”

अभिनंदनला हसू आलं. त्याने ते दाबलं. जे गुपित त्यानेच आत्ता फोडलं होतं, ते हा म्हातारा त्यालाच दाखवणार होता.

उस्तादांनी डबा उघडला. पत्ते पसरून पाहिले. किलवरची नव्वी, किलवरची नव्वी, पुन्हा तीच. मग गोळा करून पिसायला घेतले. हात थरथरायला लागला. पत्ते निसटले, मांडीवर, वाकळेवर सांडले. उस्ताद खाली वाकून चाचपडत एकेक पत्ता वेचायला लागले.

या हातांनी जत्रेतली माणसं खुळी केली होती. अभिनंदनच्याने ते बघवेना. त्याने मान दाराकडे वळवली. गल्लीतून कुणीतरी म्हैस धुवायला नदीवर चालवली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

“हं. काढ एक.”

अभिनंदनने एक पत्ता ओढला आणि तसाच पालथा हाताखाली दाबला.

“नीट बघ. ध्यानात ठेव.”

“ठेवला.”

“बघितलास?”

“उस्ताद, त्यात बघायचं काय? सगळ्या नव्व्याच आहेत.”

“बरं... हात काढू नकोस.”

उस्तादांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. अभिनंदनला वाटलं, डुलकी लागली.

“बदामची राणी,” उस्ताद म्हणाले.

अभिनंदनला फार वाईट वाटलं. एवढ्यातच विसरले होते. त्याने आवाज मऊ केला.

“नव्वी, उस्ताद. किलवरची नव्वी. मघाशी तुम्ही स्वतः पाहिल्यात ना?”

“उलट.”

त्याने पत्ता उलटला.

बदामची राणी.

 त्याने पत्ता उलटा केला, सुलटा केला. राणी ती राणीच. मग त्याने उस्तादांच्या हातातले बाकीचे पत्ते अक्षरशः हिसकावून घेतले आणि वाकळेवर पसरले. चौकटचा गुलाम. इस्पिकची दश्शी. बदामची तिर्री. एकासारखा दुसरा नाही. किलवरची नव्वी होती त्यात. एकच होती.

“नाही,” तो म्हणाला. “नाही... असं होतच नाही.”

त्याने डबा झटकला. रिकामा. वाकळेचं टोक उचललं. खाली शेणाने सारवलेली जमीन. त्याने उस्तादांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे पडले होते. उजवा अजूनही थरथरत होता.

त्याच्या कपाळावर घाम फुटला. इतकी वर्षं तो लोकांना असं घामाघूम करायला शिकत होता. स्वतःच्या अंगाला हा घाम पहिल्यांदाच आला. भीती वाटली, थेट भीतीच. या घरातून पळून जावं असंही वाटलं, आणि उठवेना.

“तो डबा घे,” उस्ताद म्हणाले. “शेवटची ओळ वाच.”

अभिनंदनने डबा घेतला. ओळ डोळ्यांसमोर होती. ‘भलेभले जादूगार चाट पडतील.’

“मग? खोटं काय लिवलंय?”



म्हैस नदीवर पोचली असावी. खालून कुणीतरी तिच्यावर ओरडल्याचा आवाज आला. उस्ताद पत्ते गोळा करायला लागले. या वेळी अभिनंदनने मान फिरवली नाही. थरथरणाऱ्या बोटांकडे तो टक लावून बघत राहिला. काही म्हणजे काही दिसलं नाही.

“उस्ताद,” शेवटी तो म्हणाला.  “पाट्या... उतरवून टाकू?”

“कशाला? राहू देत.”

अभिनंदनचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे रविवारी मी खेळ करू?”

“तू पहिल्या रांगेत बसायचंस.”

“मी?” त्याला कळेना. “नाव माझं, हॉल माझा, आणि मी खुर्चीत? मग मंचावर कोण उभं राहणार?”

उस्तादांनी शेवटचा पत्ता डब्यात सारला.

“मंच कुठं पळून चाललाय, बाळा? आधी तुझ्यातला बघणारा तर येऊ दे.”