कोरड्या पाटाचे पहिले पाणी

पत्राचा मायना लिहून व्हावा आणि त्यापुढे लेखणी सरकूच नये, असे तुमचे कधी झाले आहे का?

एकदा एक शिष्य असाच 'तीर्थरूप दादास' एवढ्यावर अडला होता. थोरल्या भावाशी त्याचा आठ वर्षे अबोला होता आणि आता भाऊ अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला होता. शिष्य एक ओळ लिही, वाची आणि खोडून टाकी. तीन दिवसांत फाडलेल्या कागदांचा ढीग झाला; पत्र काही होईना.

वृद्ध गुरुजींनी तो ढीग पाहिला. म्हणाले, "ऊठ. आधी वांग्यांना पाणी दे."

विहिरीचे पाणी कोरड्या पाटात सुटले, तसा त्याच्या तोंडाशी पाचोळा, काटक्या, ढेकळे वाहत आली. शिष्य मोठा टापटिपीचा. दर चार पावलांवर तो फावड्याने पाणी अडवी आणि कचरा वेचून काढी. शेवटी अडलेले पाणी बांध फोडून बाहेर पसरले. टोकाचा वाफा कोरडाच राहिला.

गुरुजी हसले. "वा रे पठ्ठ्या! पाट लख्ख केलास, वांगी मात्र तहानलेली!"

शिष्य ओशाळला. "पण गुरुजी, असले गढूळ पाणी झाडांना द्यायचे?"

"अरे, कोरड्या पाटाचे पहिले पाणी कचरा घेऊनच येते. त्याला वाहू द्यावे, मागून निवळ येते. मनाचेही तसेच आहे. येईल ते, येईल तसे लिही. मागे वळून वाचू नकोस, खोडू नकोस. सुचेनासे झाले तर 'सुचत नाही' असेच लिही. निवडायचे ते पाणी पोचल्यावर."

शिष्य ओसरीवर बसून लिहू लागला. पाठ दुखते आहे. भाजीत मीठ जास्त होते. सुचत नाही. सुचत नाही. दादाची सायकल, तिची घंटा बिघडलेली, म्हणून दादा तोंडानेच ट्रिंग ट्रिंग करायचा, मी पुढच्या दांडीवर, दारात आई हसायची, आई... आणि हात न थांबता लिहून गेला: दादा, आई जाताना तुझेच नाव घेत होती. माझे नाही. म्हणून मी ते तुला कधी सांगितले नाही.

लेखणी गळून पडली. शिष्य बराच वेळ रडत राहिला. गुरुजींनी पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्याजवळ सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालवाल्याने पत्र नेले. त्यात आईविषयीच्या त्या तीन ओळी होत्या, आणि सायकलची घंटा.