सिंहासनावरची खुडूक कोंबडी

एक होता राजा. त्याचं सिंहासन एवढं मऊ, एवढं मऊ, की एकदा बसला की उठावंसंच वाटायचं नाही. हसतेस काय गं छबू? तू तरी उठतेस का सकाळी वेळेवर? तर हा राजा गेला महिनाभर शिकारीला. परत येऊन बघतो तर काय! सिंहासनावर कबरी कोंबडी. खुडूक झालेली. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसली की तीन आठवडे हलायचं नाव नाही, बरं का. खाली अकरा अंडी.

राजवाड्यातल्या कोंबड्या सांभाळायची चिमाक्का. म्हातारी, एवढीशी, पण जीभ अशी तिखट की विचारू नका. ती म्हणाली, "महाराज, नऊ दिवस झालेत. आता उठवली तर अंडी गार पडतील, पिल्लं आतल्या आत मरतील. मी उठवू देणार नाही."

"उठवू देणार नाही? मला?" राजा लालबुंद झाला.

मग त्यानं शिपाई पाठवला, भाला घेऊन. कबरीनं पिसं फुलवली आणि त्याच्या बोटाला अशी चोच मारली, की गडी भाला टाकून पळाला.

मग आला प्रधान. मोठा शहाणा! म्हणतो, "अंडी नासलीत. फेकून द्या." चिमाक्काला कबरी कधी टोचायची नाही. तिनं एकेक अंडं काढलं आणि खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेला धरलं. आत लाल लाल शिरा, आणि मधे एक ठिपका हलतोय. दहा अंड्यांत जीव होता. अकराव्यात काहीच नाही. ते तिनं प्रधानाच्या हातात ठेवलं. "हे तुमचं. घेऊन जा."

मग राजा स्वतः आला, तलवार उपसून! "म्हातारे, बाजूला हो, नाहीतर राज्याबाहेर काढीन."

चिमाक्कानं सिंहासनाच्या पायरीवर फतकल मारली. "काढा की! बारा दिवसांनी माझी मी जाईन. आज नाही."

माझे तर बाई हात शिवशिवतात तो राजा आठवला की! त्यानं काय करावं? तिच्या डोक्यावरून वाकला, कबरीखाली हात घातला आणि एक अंडं उचललं. तर अंड्यातून आवाज आला, "कोण रे तो? गारठलो ना मी!"

राजा दचकला. "मी... मी राजा."

"असशील. आधी मला आईखाली ठेव."

काय करतो बिचारा! ठेवलं. मग बारा दिवस दरबार जमिनीवर भरला. राजा सतरंजीवर मांडी घालून बसायचा. पायाला मुंग्या यायच्या, पण हूं नाही की चूं नाही. चिमाक्का बघत होती ना!

एकविसाव्या दिवशी टकटक, टकटक. दहाच्या दहा पिल्लं बाहेर! राजा हळूच म्हणाला, "चिमाक्का, आता तरी बसू?"

"पिल्लं ओली आहेत अजून. उद्या या."

राजा मुकाट्यानं गेला, आणि उद्या आला. मग सगळी सुखानं नांदली, पिल्लंसुद्धा. चला, मिटा डोळे. पाणी नको, शू नको, दुसरी गोष्टही नको. झोपा म्हटलं ना!